उडवणारी वस्तू

खुर्चीवर बसण्याआधी तो खुर्ची पायाने दाबून पाहायचा. हाताने नाही, पायाने. चप्पल काढायची, चवडा सीटवर ठेवायचा, दोन-तीनदा वजन टाकायचं, मान तिरकी करून खुर्ची काय म्हणते ते ऐकायचं आणि मग बसायचं. इन्स्टिट्यूटमधला माझा पहिला दिवस होता आणि त्याने माझ्याच खुर्चीवर पाय ठेवला होता. मी म्हटलं, "सर, ते माझी खुर्ची हाये." तो म्हणाला, "हो मॅडम, पर याच्यात जीव नाई. दुसरी मागून घ्या." एवढं बोलून निघून गेला. मी रुमालाने सीट पुसली आणि ठरवलं की या माणसाशी कामापुरतंच बोलायचं. पुढची दोन वर्षं त्याने मला दुसऱ्या कोणाशी बोलायला सवडच ठेवली नाही.

चंद्रपूरला एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर आमची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट होती. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि गल्लोगल्ली अशा इन्स्टिट्यूट निघाल्या होत्या. माझं शिक्षण चित्रकलेचं, शाळेत जागा नाही, म्हणून मी तिथे लग्नपत्रिका आणि बॅनरची डिझाइनं करायची आणि उरलेल्या वेळात पोरींना टायपिंग शिकवायची. तो प्रोग्रामिंग शिकवायला होता. म्हणजे बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलं होतं. पोरं फी भरून यायची ती नोकरीला उपयोगी पडेल असं काहीतरी शिकायला, आणि हा त्यांना महिनाभर पडद्यावर एक चेंडू उसळवायला लावायचा. पालक तक्रार घेऊन आले की तो आधी गुडघे किंचित वाकवायचा, मग सरळ व्हायचा, मग उत्तर द्यायचा. कोणी वेळ विचारली तरी हेच. पोरं जिन्यात त्याची नक्कल करायची. संचालक त्याला काढून टाकत नव्हते, कारण बंद पडलेला कॉम्प्युटर त्याच्याशिवाय कोणालाच सुरू करता येत नसे, आणि ही गोष्ट त्याला चांगली ठाऊक होती.

तो घुग्घुसचा. वडील कोळशाच्या खाणीत, काका सिमेंटच्या कारखान्यात, आणि हा शाळा बुडवून टिनाच्या शेडमधल्या व्हिडिओ गेमवर. रस्त्यावरून ट्रक गेला की धूळ आत येऊन टीव्हीवर बसायची आणि मालक फडकं घेऊन काच पुसायचा. कॅसेट घालून चालणाऱ्या त्या मशीनवर उड्या मारत पुढे जायचे जे गेम असत, त्यांत एक स्प्रिंग असायची. गेममधला माणूस तिच्यावर उतरला की ती दबायची आणि त्याला वर उडवायची. बाकीची पोरं त्या स्प्रिंगवरून उडून पुढच्या लेव्हलला गेली, मोठी झाली, नोकरीधंद्याला लागली. हा स्प्रिंगवरच राहिला.

'उडवणारी वस्तू' असं तो तिला म्हणायचा. तिचा इतिहास मला इतक्यांदा ऐकावा लागला आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन. सुरुवातीच्या स्प्रिंगा इमानदार होत्या, असं त्याचं मत. नुसतं वर उतरलं तर त्या हातभरच उचलायच्या. पण ती पुरती दबलेली असताना नेमकं बटण दाबलं तर थेट आभाळात. चुकायचो, पडायचो, पण वर गेलो तर आपले आपण गेलो. मग नव्या मशिनी आल्या, रंग आले आणि स्प्रिंगला लाल टोपी बसली. तिला नुसता पाय लागला की ती दर वेळी तेवढंच उंच फेकणार. तुम्ही बटण दाबा नाहीतर जांभई द्या. पुढे कोणाला तरी सुचलं की स्प्रिंग भिंतीलाही लावता येते. ती आडवं फेकायची, आणि बहुतेक वेळा खिळ्यांवर. त्यानंतर स्प्रिंगचं रूपच पालटलं. अळंबी आली, ढोल आले, ताणलेलं कापड, टायर, झोपलेल्या जनावराचं पोट. वरून गोल आणि मऊ दिसलं की पोरांनी ओळखायचं, हे उडवतं. हा काळ त्याला फार आवडायचा. मग थ्रीडी आलं आणि जमिनीवर बाण काढलेली चमकणारी चकती आली. तिच्यावर पाय ठेवला की ती उचलून बरोब्बर पुढच्या जागी नेऊन ठेवते. इथवर आला की त्याचा आवाज चढायचा. "मॅडम, तेवढ्या टायमात तुमी चहा पिऊन या. काईच करायचं नाई. हे उडवणं हाये का? हे लिफ्ट हाये लिफ्ट."

या सगळ्यातून त्याने दोन नियम काढले होते. फेकणं वेगळं आणि उडवणं वेगळं, हा पहिला. दुसरा असा की उडवणारी वस्तू पाय पडायच्या आधीच आपण काय करणार ते सांगते. जी सांगत नाही ती बेइमान. हे नियम तो फक्त गेमला लावून थांबला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण एसटीत तो मुद्दाम सगळ्यात मागच्या सीटवर बसायचा आणि खड्डा आला की डोळे मिटायचा. संचालकांच्या नव्या घराच्या वास्तूला आम्ही सगळे गेलो होतो. हॉलमध्ये नवा कोरा सोफा. हा चप्पल काढून आला, पायाने सोफा दाबला, बसला, उठला, परत धपकन बसला आणि सरबत घेऊन आलेल्या वहिनींना म्हणाला, "वैनी, याच्यात जीव नाई." वहिनींनी त्याला सरबत दिलं, पण त्यानंतर कधीही त्याचं नाव घेतलं नाही; नेहमी 'तो सोफेवाला' असंच म्हणत. संचालक मात्र मला म्हणाले, "मॅडम, तुमी त्याले समजावत जा ना." जसं काही मी त्याची मोठी बहीण होते.

अशा माणसापायी माझी नोकरी गेली, ती अशी.

गडचिरोलीच्या एका कार्यालयाला आश्रमशाळेतल्या लहान पोरांसाठी अक्षरओळखीचा कॉम्प्युटर गेम हवा होता. आमच्या संचालकांनी ते काम धरून आणलं आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाले, "हे सीडी पास झाली तर वरची खोली तुमची. गेमचं डिपार्टमेंट. दोघंई पर्मनंट. नाई झाली तर मी खोली भाड्यानं देऊन टाकतो, मंग तुमी तुमचं पाहा." मी वरोऱ्याजवळच्या खेड्यातली. बाबांनी साफ सांगितलं होतं की नोकरी पक्की झाली तर चंद्रपुरात राहा, नाही तर गावी ये, दोन स्थळं येऊन बसली आहेत. मला गावी जायचं नव्हतं. भाड्याची एक खोली, खिडकीत एक कुंडी आणि स्वतःच्या पैशाचे रंग, एवढंच माझं होतं, पण ते मला सोडायचं नव्हतं. हे मी त्याला एकदा नीट समजावून सांगितलं. त्याने गुडघे वाकवले, सरळ झाला आणि म्हणाला, "म्हणजे स्प्रिंग चांगली पाहिजे."

गेम साधा होता. दोन वेण्यांची एक पोरगी जंगलातून शाळेत निघाली आहे. अक्षरं झाडांवर लटकली आहेत. उडी मारायची आणि अक्षर तोडून आणायचं. जे अक्षर फार उंच, त्याच्याखाली उडवणारी वस्तू. पोरगी, झाडं, ओढा, अक्षरं, सगळं मी आठवडाभरात काढून दिलं आणि त्याने ते चालतं केलं. राहिली ती वस्तू. तिला चार महिने लागले.

पहिल्यांदा मी स्प्रिंग काढली. चांगली चकचकीत, लाल टोपीची. तो म्हणाला, "जंगलात स्प्रिंग कुठून आली? कोनाच्या ट्रकची पडली का?" मी म्हटलं, "सर, झाडावर अक्षरं तरी कुठी लागतेत?" हे त्याला पटलं नाही. मग म्हणाला, बांबू. वाकलेल्या बांबूवर पोरगी उभी राहील आणि बांबू तिला उडवेल. मी बांबू काढला. तो हलवून पाहण्याआधी त्याला खरा बांबू पाहायचा होता, म्हणून एका रविवारी मला घेऊन बांबूच्या डेपोवर गेला. मी का गेले ते मला आजही सांगता येणार नाही. तिथे त्याने एक लांब बांबू ढिगातून अर्धा बाहेर ओढला आणि त्याच्या टोकावर उडी मारली. बांबूने त्याला नडगीवर असा फटका हाणला की हा खाली बसला, आणि वरून चौकीदार काठी घेऊन धावत आला. परत येताना लंगडत होता, पण चेहरा समाधानी. "बांबू उडवत नाई मॅडम, झोडपते. खोडून टाका."

मग अळंबी. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळांवर सात्या उगवतात, खायची अळंबी. बाया-पोरं पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जातात. मी एक झकास वारूळ काढलं आणि त्यावर गोल, मऊ, पांढऱ्या टोप्यांच्या सात्या काढल्या. मला वाटलं, सुटले. त्याने बराच वेळ चित्र पाहिलं आणि म्हणाला, "खायची वस्तू पायाखाली? पोट्ट्यायले शिव्या बसतीन घरी." मी चिडून त्याच्यासमोरच सात्या एकेक करून पुसल्या. शेवटची पुसली आणि पडद्यावर नुसतं वारूळ उरलं, तपकिरी, टेकाडासारखं, वरून गोल. तो खुर्चीतून उठला. "हेच," म्हणाला. "आता याले दाबून दाखवा."

तो महिना मी वारूळ दाबण्यात घालवला. पोरगी वर उतरली की ते किती बसकं व्हायला पाहिजे, कडेला माती किती फुगली पाहिजे, परत वर येताना ते जरासं उंच व्हायला पाहिजे की नाही. दर सकाळी तो यायचा आणि म्हणायचा, "थोडंसं अजून मऊ." थोडंसं अजून मऊ केलं की दुसऱ्या दिवशी, "जास्त झालं." संध्याकाळी घरी जाऊन मी भाकरी थापायला बसले की पीठसुद्धा मला वारुळासारखं दिसायचं. शेवटी एका दुपारी त्याने पोरीला वारुळावर उडवलं, एकदा, दोनदा, दहादा, आणि काहीच बोलला नाही. संचालक आले, त्यांनीही उडवून पाहिलं, हसले, म्हणाले, "मस्त. सीडी काढा." त्या दिवशी मी त्याला स्वतःहून चहा पाजला.

गडचिरोलीच्या पुढे जंगलात एक आश्रमशाळा आहे, तिथे गेम दाखवायचा ठरला. कार्यालयाचे साहेब जीपने आले, संचालक नवा शर्ट घालून आले. आम्ही कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून एसटीने नेला. पोरं रांगेत बसली. बहुतेक आसपासच्या गोंडांच्या गावांतली. दुसरीतली एक पोरगी आधी पुढे आली. पाच मिनिटांत तिला बाण समजले. गेममधली पोरगी चालली, ओढ्यावरून उडाली, पहिलं अक्षर तोडलं. साहेब खूश. मग वारूळ आलं आणि पोरगी थांबली. थोडी मागे गेली, परत आली, परत थांबली. साहेब म्हणाले, "अगं, मार ना उडी त्याच्यावर." तिने किबोर्डवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

दुसरा पोरगा बसला. त्याने वारूळ न शिवता पलीकडे उडी घ्यायची खटपट केली. ती जमणारच नव्हती. तिसरा वारुळापाशी पोचला आणि मागे वळून गुरुजींकडे पाहू लागला. संचालक पुढे वाकले. "अरे बाप्पा, चित्र हाये ते," ते म्हणाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "या मुलांना जरा अवघड जातंय असं दिसतं." तेव्हा गुरुजी बोलले. तेही जवळच्याच गावचे. म्हणाले, "अवघड नाई साहेब. वारुळावर पाय नाई ठेवत आमच्याकडं. लग्नाले तिथली माती आणतेत, तेई आधी विचारून."

माझी आई दर नागपंचमीला गावाबाहेरच्या वारुळाला लाह्या वाहून येते, मीही लहानपणी तिच्यासोबत जायची. संचालकांच्या घरीही वहिनी जातात. आणि याच्याच वस्तीमागे, घुग्घुसला, हळदकुंकवाने माखलेलं मोठं वारूळ आहे, त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. सात्यांवर पाय नको म्हणून ज्याने माझी आठवड्याची मेहनत पुसायला लावली, त्याला सात्यांखालचं वारूळ दिसलं नाही. आम्ही कोणीच वारूळ पाहत नव्हतो, ते दबतं कसं तेवढंच पाहत होतो.

मला वाटलं, आता हा शरमेने मान खाली घालेल, साहेबांची माफी मागेल, निदान गप्प तरी बसेल. हा आनंदाने लाल झाला होता. माझ्या कोपराला धक्का देऊन म्हणाला, "पाह्यलं का मॅडम? सांगतलं वारुळानं. पाय पडायच्या आधी सांगतलं. एकानंबी पाय नाई ठेवला."

मी म्हटलं, "सर, आपली नोकरी चालली."

"हो, पर चित्र किती इमानदार काढलं तुमी."

आयुष्यात माझ्या चित्राची एवढी मोठी तारीफ कोणी केली नाही, आणि इतक्या वाईट वेळीही केली नाही. त्याला तिथेच बदडावं असं मला वाटलं.

साहेब माणूस बरा होता. म्हणाले, पुढच्या महिन्यात मी परत या बाजूला येणार आहे, तेव्हा दुरुस्त करून दाखवा. त्यानंतर मात्र मला वेळ नाही. संचालकांनी दहा वेळा हो म्हटलं. माझ्याकडे जुनी स्प्रिंग तयार होती, लाल टोपीची. ती बसवली की अर्ध्या तासाचं काम. हे सांगायला मी त्याला शोधत गेले तर हा स्वयंपाकघराच्या मागे उभा. तिथे शाळेच्या चौकीदाराची सुतळीने विणलेली बाज टाकलेली होती आणि दोन बारकी पोरं तिच्यावर उड्या मारत होती. स्वयंपाकीणबाई आतून ओरडत होती, "उतरा रे, ढिली होऊन राह्यली ना बाज." आणि हा तिला हात जोडून म्हणत होता, "राहू द्या बाई, मी ताणून देतो. थोडं राहू द्या."

मी तिथूनच परत फिरले, कारण पुढचा महिना कसा जाणार ते मला दिसलंच होतं.

तो महिना तसाच गेला. बाज काढा. चौकटीवर पडलं तर कमी उडणार, मधोमध पडलं तर जास्त, म्हणून चौकट आणि विणकाम वेगळं दिसलं पाहिजे. दर उडीला सुतळी थोडी सैल होणार, पोरगी कमी कमी उडणार, मग खाली उतरून पायथ्याची दोरी ताणायची, की परत उंच. दोरी ताणायला वेगळं बटण. मी म्हटलं, "सर, लहान पोट्टे हायेत. हे त्यायले कोन समजावून सांगन? खाली दोन ओळी लिहा." तो म्हणाला, "लिहायचं नाई. बाज सांगन." मी म्हटलं, "मागच्या टायमाले वारुळानं सांगतलं, तसं?" तो हसला. मला हसू आलं नाही. माझ्या बाबांचं पत्र येऊन पडलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला बजावलं की तिकडे लाइटीचा भरवसा नाही, यूपीएस घ्यायचा. त्याने मान हलवली. सकाळी बसस्टँडवर पाहते तर यूपीएसच्या पिशवीत दोन मोठे स्पीकर. म्हणाला, दोन्ही नाही मावत. बाज दबते तेव्हा करकरते, ती करकर छोट्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. मी त्यानंतर गडचिरोलीपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. तो मागच्या सीटवर जाऊन बसला होता, त्यामुळे त्याला ते कळलंही नसावं.

साहेब दुपार कलल्यावर आले. संचालकांनी शाळेत विचारून ठेवलं होतं. लाइट सहसा संध्याकाळीच जाते म्हणाले. तीच दुसरीतली पोरगी पुढे आली. या वेळी तिने सरळ चालवत आणलं, ओढा ओलांडला, दोन अक्षरं तोडली आणि बाजेपाशी पोचली. बाज मी ढिली काढलेली होती, मध्ये पोट लोंबलेलं, त्याचा हट्ट. पोरीने उडी मारली नाही. ती क्षणभर पाहत राहिली, मग गेममधल्या पोरीला बाजेला वळसा घालून पायथ्याशी नेलं, एकेक बटण दाबून पाहिलं आणि दोरी ताणली. कोणी काही सांगितलं नव्हतं. मोठ्या स्पीकरमधून खाट ताणल्याची करकर आली आणि मागे बसलेली सगळी पोरं खदखदून हसली. गुरुजी हसले. साहेबसुद्धा हसले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

मग पोरगी उडाली. पहिल्यांदा थोडी, मग अजून, मग बाज पुरती दबलेली असताना तिने नेमकं बटण दाबलं आणि गेममधली पोरगी झाडाच्या शेंड्यापर्यंत गेली. शेंड्यावरचं अक्षर बोटभर राहिलं. पुन्हा. मागची पोरं बसल्या जागी उठून उभी राहिली होती. मी त्याच्याकडे पाहिलं तर हा पडद्याकडे बघतच नव्हता. तो पोरांचे पाय पाहत होता. बाज दबली की सगळ्यांचे गुडघे वाकत होते आणि पोरगी उडाली की सगळ्यांच्या टाचा उचलत होत्या. पोरीने पुन्हा एकदा बटण दाबलं, ती शेंड्याच्या वर गेली, अक्षराला हात लागणार, आणि लाइट गेली.

एका पोराने गोंडीत काहीतरी विचारलं. गुरुजी म्हणाले, "ते पडली का, म्हणून विचारून राह्यला." हा म्हणाला, "नाई पडली. वर हाये."

साहेब पंधरा मिनिटं थांबले, अर्धा तास थांबले. लाइट केव्हा येईल, कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणे रात्री, कोणी म्हणे उद्या. संचालकांनी मला विचारलं, यूपीएस कुठे आहे. मी स्पीकरकडे बोट दाखवलं. साहेब उठले, "चांगला प्रयत्न आहे, बघू, कळवतो," म्हणाले. कार्यालयातलं बघू म्हणजे काय ते मलाही समजतं. जीप सुरू होत असताना संचालक माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "सोमवारी येऊन तुमचं सामान घेऊन जाजा." त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. साहेबांच्या जीपमध्येच बसून गेले.

शेवटच्या बसला थोडाच वेळ होता. मी पिशवी उचलली, पाणी प्यायले आणि व्हरांड्यात त्याला गाठून जे काही दोन वर्षांत बोलले नव्हते ते सगळं बोलले. ऑर्डर गेली. खोली गेली. मी आता गावी जाणार आणि कोणा अनोळखी माणसाच्या घरी लाटणं घेऊन उभी राहणार. का, तर याला करकर ऐकू यायला पाहिजे होती. आणि वर पोरांना खोटं सांगतो, की वर आहे. मशीन बंद पडलं की गेम पहिल्यापासून सुरू होतो, पोरगी परत घरापासून निघणार, हे याला माहीत नाही का.

त्याने सगळं ऐकून घेतलं. गुडघे वाकवले नाहीत. म्हणाला, "माहीत हाये मॅडम. नोकरीचंबी समजते मले. मी घुग्घुसले जाईन, तुमाले तसं नाई." मग म्हणाला, "पर ते पोट्टे अजून जागचे उठून नाई राह्यले."

संध्याकाळच्या जेवणाची घंटा होऊन गेली होती. आश्रमशाळेत घंटा झाली की पोरं कशी पळतात ते मी मागच्या खेपेला पाहिलं होतं. मी दारातून आत डोकावले. अंधारून आलेल्या खोलीत सगळी पोरं काळ्या पडद्यासमोर मांडी घालून बसली होती आणि ती दुसरीतली पोरगी किबोर्डच्या त्या एका बटणावर बोट ठेवून होती. स्वयंपाकीणबाईने दोनदा हाक मारली. गुरुजी तिला म्हणाले, "राहू दे, येतेत." कोणी हललं नाही.

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. मी खोलीत गेले, पिशवी भिंतीशी ठेवली आणि पोरांच्या मागे खाली बसले. थोड्या वेळाने तोही येऊन बसला. जमीन न दाबता.